बिडी सोडवणारी मॅडम

माझ्या नवऱ्याची बिडी सोडवायचा मान माझा होता. तो मला मिळाला नाही. आधी टीव्हीवरच्या एका फुग्यानं तो नेला आणि मग फोनवरच्या एका मॅडमनं. लोक म्हणतात, सुटल्याशी मतलब, कुणी सोडवली ते कशाला बघतेस. ज्यांनी अर्धा जन्म एकाच माणसापुढं डोकं फोडून घेतलं नाही, त्यांनी खुशाल असं म्हणावं. मला राग येतो, आणि नुसता राग नाही, माझा जळफळाट होतो. लिहायलाच बसले आहे तर तेही लिहिते.

जळकोटला हायवेच्या कडेला ह्यांचं पंक्चरचं दुकान आहे. मी घरी ब्लाऊज शिवते. मशीनवर बसल्या बसल्या मला खिडकीतून दुकान दिसतं, आणि दुकान दिसतं म्हणजे धूर दिसतो. ट्रकचा टायर उतरवला की एक बिडी, ट्यूब पाण्यात बुडवून भोक सापडलं की एक, टायर चढवला की एक. गिऱ्हाईक नसलं की ते नसल्याची एक. कानामागं एक कायम असायचीच. अंघोळीला जाताना ती ते फळीवर काढून ठेवायचे, दागिना ठेवावा तशी.

मी काय काय केलं नाही? बंडल चुलीत घातलं, तर हे नवीन घेऊन आले. काडीपेटी लपवली, तर शेजारच्या हॉटेलच्या भट्टीवर पेटवून आले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. ती दोन दिवस पाळली आणि तिसऱ्या दिवशी लेकीला हळूच कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "सुटली म्हण की गं." ती लहान होती, म्हणाली सुटली, आणि झाली शपथ मोकळी. येरमाळ्याच्या येडाईला नवस बोलले. पायऱ्या चढताना हे तीन ठिकाणी बसले, देवीपुढं डोकं टेकवलं, आणि खाली उतरून मी चप्पल शोधत होते तेवढ्यात ह्यांनी पेटवली. देवीसमोरून आलेला माणूस. मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढं दम लागायला लागला. टायरला टामी, म्हणजे ती लोखंडी पहार, घालून जोर लावला की मधेच हात सोडून बसायचे. सोलापूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तो उजेडात धरून दाखवला आणि सांगितलं की आता बंद केली तर आहे तेवढा श्वास राहील, नाहीतर पुढं नाकात नळी घालून बसायची वेळ येईल. एसटीनं परत येताना हे खिडकीबाहेर बघत होते आणि मी बोलत होते. सोलापूर ते जळकोट मी एकटीच बोलले. स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, तू घरी हो, मी आलो. ते कशाला मागं थांबले ते सांगायची गरज नाही.

जाहिराती काय तेव्हा नव्हत्या का? बंडलावर सडलेल्या तोंडाचं चित्र असायचं, हे त्यावर अंगठा ठेवून बिडी काढायचे. सिनेमात हिरोनं सिगारेट पेटवली की खाली अक्षरं यायची, ती आमच्या घरात फक्त मी मोठ्यानं वाचायची. टीव्हीवर दवाखान्यातली माणसं दाखवायचे, नळ्या, रक्त, रडणारी बायको. ते लागलं की हे उठायचे, बघवत न्हाय म्हणायचे आणि अंगणात जायचे. अंगणात जाऊन काय करायचे, तर भीती वाटली म्हणून बिडी ओढायचे. मला त्याचं एक समाधान होतं. जे माझ्यानं झालं नाही ते एवढ्या मोठ्या सरकारच्यानंही होत नाही, म्हणजे माझ्यात काही खोट नाही.

मग ती फुग्याची जाहिरात आली. त्यात नळी नव्हती, रक्त नव्हतं. लेकीचा वाढदिवस असतो, बाप भिंतीला टेकून फुगे फुगवत असतो. एक फुगा अर्ध्यावर येतो आणि त्याचा दम संपतो. तो पुन्हा फुंकतो, पुन्हा संपतो. मग त्याची बायको येते, त्याच्या हातातला फुगा घेते आणि स्वतः फुगवायला लागते. बाई एक शब्द बोलत नाही. बाप नुसता बघत राहतो आणि खाली फोन नंबर येतो. संपलं. माझी जाऊ शेजारी बसली होती, ती म्हणाली, "बघ, न बोलता कसं काम व्हतंय ते." मी म्हणाले, तिला घरी नेऊन बघा चार दिवस, बोलायला लागेल.

ह्या वेळी हे उठले नाहीत. जाहिरात संपून मालिका सुरू झाली तरी पडद्याकडं बघत बसले. दुसऱ्या दिवशी मी वाळत घातलेले कपडे काढायला घरामागं गेले, तर हे भिंतीकडं तोंड करून उभे. आधी वाटलं लपून ओढतायत. जवळ गेले तर हातात लाल फुगा. गाल फुगवून फुंकत होते, डोळे बाहेर आलेले, आणि फुगा पेरूएवढाही होईना. दिवसभर दुसऱ्यांच्या चाकात हवा भरणारा माणूस. मला बघितल्यावर फुगा खिशात घातला. मला त्या क्षणी त्यांची दया यायला पाहिजे होती. आली पण. पण तिच्याआधी मनात आलं, की मी एवढी वर्षं घसा फोडला तेव्हा हा माणूस असा कधी भिंतीआड जाऊन स्वतःला तपासत बसला नाही.

त्याच दुपारी त्यांनी तो नंबर लावला. मला सांगितलं नाही. मला जावेकडून कळलं, आणि जावेला दिराकडून.

तिकडून, मुंबईहून, एक मॅडम बोलायच्या. आवाजावरून पोरगीच, माझ्या लेकीहून चार-सहा वर्षांनी मोठी असेल. ठरलेल्या दिवशी दुपारी तिचा फोन यायचा. हायवेला ऐकू येत नाही म्हणून हे दुकान सोडून घरी यायचे आणि गच्चीवर जायचे. जायच्या आधी हातपाय धुवायचे, तोंड धुवायचे, एकदा तर केस विंचरले. फोनवर तोंड दिसतं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, बरं वाटतं. माझ्यापुढं कधी केस विंचरून बसल्याचं मला आठवत नाही.

आणि भाषा. माझ्याशी बोलताना व्हय आणि न्हाय, तेही अर्धं तोंडात. तिच्याशी बोलताना "हो मॅडम", "नाही मॅडम", "निश्चित प्रयत्न करतो." निश्चित. हा शब्द ह्यांना येतो हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. जाऊ जिन्याखाली उभी राहून मला चिमटे काढायची, म्हणायची, जरा लक्ष ठेव बाई, कोण भवानी भेटली कुणास ठाऊक. मी हसण्यावारी न्यायची. आतून मात्र पेटलेली असायची.

एकदा मी वाळलेले कपडे हातावर घेऊन जिन्यात थांबले. ऐकायलाच थांबले, उगाच का खोटं बोला. हे म्हणत होते, "खरं सांगू का मॅडम, संध्याकाळ झाली की लई जीव घाबरा होतो. सगळे असतात घरात, तरी एकटं वाटतं." मी तशीच खाली आले. घरातले सगळे म्हणजे त्यात मी होते. मी असताना एकटं वाटतं, आणि ते सांगायचं कुणाला, तर तोंड न बघितलेल्या पोरीला. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजची बाही उलटी जोडली.

तिनं सांगितलं, तलफ आली की बडीशेप चघळा, घोट घोट पाणी प्या, हात कामात ठेवा. हे सगळं मी सांगून झालं होतं. बडीशेपेची पुडी मी स्वतः दुकानात नेऊन ठेवली होती, तिला मुंग्या लागल्या. आता हेच घरात येऊन म्हणाले, बडीशेप हाय का, मॅडमनी सांगितलीय. मी डबा आपटून दिला. तो का आपटला हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

आणि बिडी सुटली. कानामागची जागा रिकामी झाली. गावातली माणसं दुकानात येऊन ह्यांच्या पाठीवर थाप मारायची. हॉटेलवाला म्हणाला, ती फुग्याची जाहिरात आम्हीपण बघितली, आम्हाला काय झालं नाही, तुमचं काळीजच वेगळं. हे लाजून हसायचे आणि म्हणायचे, मॅडमचे उपकार. मी खिडकीत मशीनवर बसलेली. कुणाला वाटलं नाही की हिलापण एक शब्द बोलावा.

म्हणून जेव्हा ते घसरले, तेव्हा मला काय वाटलं ते लिहायला हात जरा थांबतो. एका संध्याकाळी ते आले आणि शर्टाला तो वास होता. मान खाली. मी काहीतरी बोलले, नेहमीचंच. पण आत कुठंतरी मला बरं वाटलं. गेली मॅडम, मनात म्हणलं. निश्चित प्रयत्न गेला. रात्री ते खोकायला लागले तेव्हा ते बरं वाटणं गेलं, पण आधी ते होतं.

त्यांनी पुन्हा सोडली, पुन्हा दिवस चांगले गेले आणि पुन्हा एका संध्याकाळी तसाच वास. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला बोलावलं होतं आणि हे जायचं टाळत होते. टायरचं काम आलं की दिराला हाक मारायचे. मला आता भीती वाटायला लागली. मॅडमच्यानं होत नाही आणि माझ्यानं तर होतच नाही, मग राहिलं काय?

आता मध्येच एक सांगायला हवं, कारण परगावच्या माणसाला ते कळणार नाही. आमच्याकडं बायका मिश्री लावतात. बाजारातून तंबाखूची पानं आणायची, तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर बोटानं दाताला लावायची, दुपारी जेवल्यावर एकदा, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी एकदा. त्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही. माझ्या आईनं लावली, सासूनं लावली. आमच्या गल्लीत मिश्री भाजायला माझा हात धरणारी कुणी नाही. जाऊ, शेजारीण, पलीकडची, सगळ्यांची मी भाजून द्यायची. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या स्वयंपाकघरातून तो खमंग, तिखट वास निघायचा तो पार रस्त्यापर्यंत जायचा. येणारी-जाणारी बाई म्हणायची, झाली वाटतं भाजून. कुणाच्या डोक्यात कधी आलं नाही की ही तंबाखू आहे. तंबाखू पुरुषांची. मिश्री दाताला लावायची.

एके दिवशी दुकानात लाईट नव्हती म्हणून हे फोन माझ्याकडं चार्जिंगला लावून गेले. दुपारी तो वाजला. आदल्याच संध्याकाळी हे तिसऱ्यांदा घसरले होते. मी नंबर ओळखला. मनात म्हणलं, आता गाठ माझ्याशी आहे. काय बोलायचं ते मी जिन्यात उभी राहून कितीदा तरी पाठ केलं होतं. तुम्ही कोण, माझ्या माणसाला काय शिकवता, एवढ्या शहाण्या असाल तर तो अजून का ओढतो.

तिनं मला काही बोलायलाच दिलं नाही. मी ह्यांची बायको हे कळल्यावर तिचा आवाज उजळला. म्हणाली, ताई, बरं झालं तुम्ही उचललात, मला तुमच्याशीच बोलायचं होतं, मी दादांना किती वेळा म्हटलं. मग ती विचारत गेली, आणि तिच्या बोलण्यात असं काही होतं की मी उत्तरं देत गेले. घरात आणखी कुणी तंबाखू घेतं का? मी म्हणाले, कुणी नाही. दीर? तो सुपारीसुद्धा खात नाही. मग तिनं विचारलं, "ताई, मिश्री?"

मी म्हणाले, मिश्री व्हय, ती तर दाताला.

"घरीच भाजता का?"

"मंग कुठं भाजणार?"

"शेवटची कधी भाजली?"

काल, मी म्हणाले. म्हणाले आणि पुढचा शब्द तोंडातच राहिला. काल दुपारी मी भाजली होती, काल संध्याकाळी हे ओढून आले होते. त्याच्या आधीची वेळ आठवली. बाजाराचा दुसरा दिवस. त्याच्या आधीची. शेजारणीची पानं होती, भरपूर होती, घरभर वास होता, आणि हे चहाला आले होते आणि कप अर्धा ठेवून बाहेर गेले होते. मी तेव्हा म्हणाले होते, चहा का टाकला.

तिनं मला दोष दिला नाही. सोडताना त्या वासानं जीव खेचला जातो, एवढंच समजावून सांगितलं, आणि तुमच्यासाठीही ती तंबाखूच आहे, असं हळूच म्हणाली. माझं तिकडं लक्ष नव्हतं. मी विचारलं, "मी मिश्री लावते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिनं आधी राहू द्या ताई म्हणून टाळलं. मग म्हणाली, "दादांनी. पण ताईंना यातलं काही बोलू नका म्हणाले होते. तेवढाच तिचा विसावा आहे म्हणाले."

फोन ठेवला आणि मी मशीनसमोर बसून राहिले. रडू यायला पाहिजे होतं, ते आलं नाही. आली ती असूया, आधीपेक्षा दसपट. माझ्या घरातली, माझ्या चुलीवरची गोष्ट. ती ह्यांनी मला सांगितली नाही, मुंबईत बसलेल्या पोरीला सांगितली. ती इतके दिवस जाणून होती आणि मी तवा मांडत होते. माझ्याबद्दल ते दोघं बोलत होते, मी काय सहन करू शकेन आणि काय नाही ते ठरवत होते. बिडीपेक्षा, त्यांच्या दम लागण्यापेक्षा, त्या घटकेला मला हेच जास्त लागलं.

दिवेलागणीला हे आले. हात काळे, दारातूनच मोरीकडं निघाले. मी चौकटीत बसले होते, उठले नाही. मी म्हणाले, "मॅडमचा फोन आला व्हता. मिश्रीचं तिला सांगितलंत. मला का न्हाय?"

ते उभे राहिले. मग आत गेले, हात धुवायला लागले. ग्रीस लवकर निघत नाही, वेळ लागतो. माझं डोकं नुसतं फुटत होतं. मी कमरेची डबी काढली आणि बोट फिरवलं, रागानं, नेहमीपेक्षा जास्त. तोंड भरून आलं.

ते हात पुसत येऊन माझ्यासमोर पायरीवर बसले. बराच वेळ पंचाच पिळत होते. मग माझ्याकडं न बघता बोलले.

"मॅडमचं काय, मॅडम काय ह्या घरात ऱ्हात न्हाय. तुला इचारलं आसतं, सोड म्हणलं आसतं, आन् तू न्हाय म्हणली आसतीस तर? मंग मला कळलं आसतं की माझ्या दमापरीस तुला ती डबी मोठी हाय. ते कळल्यावर तुझ्यासंगं ह्या घरात कसं ऱ्हायचं म्या? त्यापरीस बिडी वढल्याली बरी."

मला म्हणायचं होतं, न्हाय म्हणले नसते. ताबडतोब म्हणायचं होतं, त्यांचं वाक्य संपायच्या आत. पण तोंडात मिश्री होती. थुंकल्याशिवाय एक अक्षर बोलता येईना. त्यांनी मान वर केली, माझं तोंड बघितलं आणि परत खाली बघायला लागले.

मी उठले. मोरीत गेले, थुंकले, चूळ भरली, परत भरली, पाणी काळंच येत होतं.  बाहेर ते उठून हायवेकडं गेले असतील असं वाटलं. मी आले तर हे तिथंच बसलेले.

"आता इचारा," मी म्हणाले. "तिला न्हाय. मला."

त्यांनी हातातला पंचा पायरीवर ठेवला. एवढ्या वर्षांत माझ्याकडं पाणी मागितलं होतं, चहा मागितला होता, शर्ट मागितला होता. असलं काही कधी मागितलं नव्हतं.

"सोडशील का?"

मी व्हय म्हणाले. जिभेवर अजून तीच चव होती, आणि आत जाऊन पुन्हा बोट फिरवावं असा जीव ओढ घेत होता, तरी म्हणाले.